मुलांचा वॉर्ड आणि भेटीची वेळ

आजारी मुलाला रुग्णालयात ठेवून घ्यावे का, या प्रश्नाला लंडनमध्ये मिळालेले पहिले जाणते उत्तर नकाराचे होते. डॉ. जॉर्ज आर्मस्ट्राँग यांनी १७६९ साली तिथे गरिबांच्या मुलांसाठी दवाखाना काढला. मूल तपासायचे, औषध द्यायचे आणि घरी पाठवायचे, अशी तिथली रीत. मुलांसाठी खाटा घालाव्यात असे सुचवणाऱ्यांना त्यांनी दोन अडचणी सांगितल्या. आजारी मूल आईपासून किंवा सांभाळणाऱ्या दाईपासून तोडले तर ते तत्काळ खचते, ही पहिली. प्रत्येक मुलामागे एक बाई आत घ्यायची म्हटली तर वॉर्डात दाटी होईल, हवा बिघडेल आणि त्या बायकांची आपसात रोज जुंपेल, ही दुसरी. पुढची दोनशे वर्षे मुलांच्या वॉर्डातला वाद याच दोन अडचणींभोवती फिरत राहिला. आईला बाहेर ठेवावे तर मूल झुरते. आत घ्यावे तर तिच्याशी काय, कसे आणि किती बोलायचे, हे नर्सला शिकावे लागते. इंग्लंडने बराच काळ पहिली वाट धरली, कारण ती सोपी होती.

पॅरिसमध्ये मुलांचे स्वतंत्र रुग्णालय १८०२ साली निघाले. लंडनला आणखी पन्नास वर्षे लागली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात १४ फेब्रुवारी १८५२ रोजी दहा खाटांचे रुग्णालय उघडले. त्याचे संस्थापक डॉ. चार्ल्स वेस्ट. बालरोगांवरची त्यांची व्याख्याने १८४८ सालीच पुस्तकरूपाने आली होती. लहान मुलाला प्रश्न विचारता येत नाही, आणि ते बोलण्याइतके मोठे असले तरी भीतीपोटी किंवा प्रश्न न कळल्यामुळे भलतेच सांगून बसते, ही नवख्या डॉक्टरची पंचाईत त्यांनी त्यात मांडली होती. म्हणून रडण्याचा सूर, चेहरा, हातापायांची हालचाल हे सगळे वाचता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. रुग्णालय उघडल्यावर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या नर्सेससाठी एक छोटे पुस्तक लिहिले. जिला मुलांचा मनापासून लळा नाही तिने हे काम धरण्यात चूक केली आहे, असे त्यात स्पष्ट बजावले होते. त्या काळात नर्सचे काम म्हणजे मोलकरणीच्या कामापेक्षा फार वेगळे नाही, अशी समजूत सर्वत्र होती. त्या पार्श्वभूमीवर नर्सच्या नजरेला आणि स्वभावाला वेस्ट यांनी दिलेले महत्त्व उठून दिसते.

याच रुग्णालयाच्या लेडी सुपरिंटेंडेंट कॅथरीन वुड यांनी १८८८ साली पुढचे पाऊल टाकले. आजारी मुलांची शुश्रूषा ही वेगळी विद्या आहे आणि ती करणाऱ्या नर्सला वेगळे शिक्षण हवे, असे त्यांनी लिहिले. प्रौढांच्या वॉर्डात तयार झालेली नर्स मुलांच्या वॉर्डात आपोआप चालते, हा समज मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला.

या सगळ्यात आईबापांची जागा कुठे होती? बहुतेक दाराबाहेर. दाखल होणारी मुले गरीब वस्त्यांतली असत. देणगीदारांच्या आणि डॉक्टरांच्या नजरेत अंधारी खोली, कोंदट हवा, अपुरे अन्न आणि अडाणी आई हे सारे आजाराच्या कारणांतच जमा होते. वॉर्डात स्वच्छ चादर, दूध, खेळणी आणि शिस्त. आई बाहेरून येणार ती अंगावर बाहेरचा रोग घेऊन आणि पदराआड गोडधोड लपवून, असे गृहीत धरलेले असे. ही भीती निव्वळ तुसडेपणाची नव्हती. गोवर, घटसर्प, स्कार्लेट फीवर यांपैकी एक जरी वॉर्डात शिरला तर अख्खा वॉर्ड बंद करावा लागे आणि मुले दगावत. प्रतिजैविके येण्याआधीच्या काळात भेटीची वेळ कमी ठेवण्यामागे हे एक खरे कारण होते.

दुसरे कारण अधिक फसवे होते आणि तेच जास्त टिकले. मूल दाखल झाले की एक-दोन दिवस आकांत करते. मग हळूहळू गप्प होते, दिलेले खाते, नर्सकडे पाहून हसतेही. रविवारी आई येते, तिला पाहताच ते रडू लागते, आणि ती गेल्यावर तर आवरत नाही. वॉर्डाच्या प्रमुख नर्सने, म्हणजे सिस्टरने, यावरून सरळ निष्कर्ष काढला: मूल रुळले होते, आईने येऊन बिघडवले. एका पिढीतल्या सिस्टरने तो दुसरीला सांगितला आणि तो अनुभवाचा भाग होऊन बसला. १९२०च्या दशकातल्या मानसशास्त्राने त्याला शास्त्राचा मुलामाही दिला. अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी १९२८ सालच्या पुस्तकात आयांना मुलांचे फार लाड न करण्याचा, सकाळी हस्तांदोलन करण्याचा सल्ला दिला होता. तो वाचलेल्या नर्सला रडणाऱ्या मुलाजवळ न थांबणे हे कर्तव्यच वाटले असणार.

१९४९ साली लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतल्या मुलांच्या भेटीच्या वेळा गोळा करून छापण्यात आल्या, तेव्हा त्यातून निघालेले चित्र असे होते. गाय्ज रुग्णालयात रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट बार्थोलोम्यूमध्ये बुधवारी दीड तास. चेरिंग क्रॉसमध्ये रविवारी एक तास. वेस्ट लंडन रुग्णालयात भेट नाहीच. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना भेटायला मनाई, त्यांना फक्त मधल्या पडदीतून पाहायचे, आणि त्याहून मोठ्या मुलांना आठवड्यातून दोनदा भेटायचे. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट बंद, पण संध्याकाळी सात ते आठ या वेळात आईवडिलांनी झोपलेले मूल पाहून जायला हरकत नव्हती. झोपलेलेच का, तर जागे मूल आईला पाहून रडेल म्हणून.

साथीच्या रोगांच्या रुग्णालयांत, ज्यांना फीवर हॉस्पिटल म्हणत, याहून विलक्षण पद्धत होती. तिथे मूल महिना-दीड महिना राही. दाखल करताना आईवडिलांना एक क्रमांक मिळे. बऱ्याच शहरांत संध्याकाळच्या वर्तमानपत्रात या क्रमांकांची यादी छापून येई: अमुक क्रमांक अत्यवस्थ, अमुक गंभीर, अमुक सुधारतो आहे. आईवडील दिवे लागायच्या सुमारास अंक विकत घेऊन आपला क्रमांक कोणत्या ओळीत आहे ते शोधत. काही ठिकाणी बाहेरच्या हिरवळीवर उभे राहून खिडकीतून हात हलवता येई. आत पाठवलेले खेळणे संसर्गाच्या भयाने घरी परत जात नसे. नर्स आणि आईबाप यांच्यातला संवाद इथे वर्तमानपत्रातल्या तीन-चार ठरीव शब्दांवर येऊन ठेपला होता. हे शब्द निवडण्यात नर्सचा भाग असे, पण ते वाचताना समोरच्याचा चेहरा कसा होतो हे तिला कधी दिसत नसे.

वॉर्डाच्या आत कामाची वाटणी मुलांप्रमाणे नव्हती, कामांप्रमाणे होती. एक नर्स सगळ्यांचे ताप मोजणार, दुसरी सगळ्यांना आंघोळ घालणार, तिसरी ड्रेसिंग करणार. एकाच मुलाला दिवसभरात कितीतरी हात लागत आणि त्यांतला एकही हात त्याचा स्वतःचा नसे. शिकाऊ नर्सेसच्या बदल्या तर सतत चालत. इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषकांनी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास करून १९६० साली या व्यवस्थेचा जो अर्थ लावला, तो आजही वाचण्यासारखा आहे. रुग्णाला खाटेच्या किंवा आजाराच्या नावाने हाक मारणे, काम तुकड्यांत वाटणे, जीव जडायच्या आत बदली करणे, भावना दाखवणाऱ्या मुलीला टोकणे, या सगळ्या रीती नर्सला दुःखाच्या फार जवळ जाऊ न देण्यासाठी आपोआप घडल्या होत्या, असे त्यांचे म्हणणे. शिवाय त्या रीतींनी नर्सचे दुःख कमी होतच नव्हते, कारण समाधान देणारा भागही त्यांनीच कापून टाकला होता. मेंझिस यांचा अभ्यास मुलांच्या वॉर्डापुरता नव्हता, पण मुलांच्या वॉर्डाला तो सर्वांत जास्त लागू पडतो.

अपवाद होते. न्यूकॅसलमध्ये डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकापासून बाळांच्या रुग्णालयात आईलाही राहायला खोली दिली. बाळाचे बहुतेक काम तीच करी आणि नर्स तिला शिकवी. न्यूझीलंडमध्ये सेसिली आणि हेन्री पिकरिल या शल्यचिकित्सक दांपत्याने फाटलेल्या टाळूच्या बाळांसाठी १९३९ साली वेलिंग्टनजवळ रुग्णालय काढले. तिथेही शुश्रूषा आईनेच करायची. पिकरिल यांचे कारण भावनेचे नव्हते. एका मुलाला एकाच बाईचा हात लागला तर एका खाटेवरचा जंतू दुसरीवर जात नाही, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. ज्या संसर्गाच्या नावाखाली आईला बाहेर ठेवले जात होते, तोच संसर्ग आईला आत घेतल्याने घटत होता. तरी या दोन्ही उदाहरणांची इतरांनी फारशी दखल घेतली नाही. लांबचे, लहान आणि एखाद्या डॉक्टरच्या लहरीवर चालणारे, असे म्हणून ती बाजूला ठेवली गेली.

दार हलले ते एका चित्रपटामुळे. जेम्स रॉबर्टसन हा ग्लासगोकडचा स्कॉटिश कामगार घरातला माणूस. युद्धकाळात मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या लंडनमधल्या बालगृहात तो बॉयलर सांभाळण्याचे आणि पडेल ते काम करी. त्या घराचा एक नियम होता: स्वयंपाकीण असो की बॉयलरवाला, मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकाने कार्डावर लिहून ठेवायचे. नजर तिथे तयार झाली. १९४८ साली तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या हाताखाली आला आणि रुग्णालयातल्या लहान मुलांचे निरीक्षण करू लागला. त्याला जे दिसले ते सिस्टरांच्या अनुभवाला छेद देणारे होते. मूल आधी आक्रोश करते, मग निराश होऊन गप्प पडते, आणि शेवटी आईची गरजच नाही असे वागू लागते. वॉर्डात ज्या अवस्थेला रुळणे म्हणत, ती दुसरी आणि तिसरी अवस्था होती. गप्प मूल बरे आहे हा समज म्हणजे नर्सच्या नजरेची चूक होती, आणि ती नजर चुकीची का झाली याचे उत्तर तिच्या कामाच्या वाटणीत होते. जी नर्स मुलाला दिवसातून पाच मिनिटे पाहते, तिला त्याचे गप्प होणे दिसते, त्याआधीचे आणि नंतरचे दिसत नाही.

हे तोंडी सांगून कुणी ऐकेना, म्हणून रॉबर्टसनने कॅमेरा घेतला. त्याला चित्रीकरणाचा अनुभव नव्हता. मूल मुद्दाम निवडले असा आरोप नको म्हणून प्रतीक्षायादीवर टाचणी टोचून नाव काढले. निघाली ती दोन वर्षे पाच महिन्यांची लॉरा, नाभीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल होणारी. दररोज ठरावीक वेळी चित्रण करायचे आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत दिसू द्यायचे, म्हणजे सोयीचे तेवढेच टिपले असेही म्हणता येणार नाही. ‘दोन वर्षांची मुलगी रुग्णालयात जाते’ अशा अर्थाच्या नावाचा हा मूकपट १९५२ साली पुरा झाला.

त्यात भयंकर असे काही घडत नाही, आणि त्याचा परिणाम नेमका त्यामुळे होतो. लॉरा शहाणी, समजूतदार मुलगी आहे. ती फार रडत नाही. टेडी आणि आपले पांघरूण छातीशी धरून बसते. कुणी खेळायला आले की खेळते आणि मध्येच, खेळ न थांबवता, आई कुठे आहे म्हणून विचारते. ओठ आवळून रडू गिळते. आई भेटायला येते तेव्हा धावत जाण्याऐवजी तोंड फिरवते. घरी निघताना सगळ्या वस्तू गोळा करते, पण आईचा हात धरत नाही. नर्सेस तिच्याशी वाईट वागत नाहीत. त्या हसऱ्या आहेत, चटपटीत आहेत. फक्त ती आईबद्दल विचारते तेव्हा तिला उत्तर देण्याइतका वेळ कुणीच तिच्याजवळ थांबत नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये तो दाखवला, तेव्हा डॉक्टर आणि मेट्रन मंडळी खवळली. मुलगी वेगळीच निवडली आहे, आमच्या वॉर्डात असे होत नाही, असे आक्षेप आले.

त्यातल्याच एका संतापलेल्या प्रेक्षकाचे पुढे मत फिरले. ॲमर्शॅम रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थी वॉर्डात परतले आणि त्यांना सगळीकडे लॉरा दिसू लागली. आयव्ही मॉरिस या तिथल्या वॉर्ड सिस्टर. त्यांच्या साथीने मॅकार्थींनी आयांना मुलांबरोबर राहू द्यायला सुरुवात केली. त्यावर रॉबर्टसनने १९५८ साली दुसरा चित्रपट केला. डॉक्टरने परवानगी देणे सोपे होते. रोजचा संसार सिस्टरचा होता. खाटेशेजारी आईची खाट कुठे लावायची, ड्रेसिंगच्या वेळी तिला थांबवायचे की बाहेर पाठवायचे, मूल आईकडे हात पसरते आणि नर्सला झिडकारते तेव्हा तरुण नर्सची समजूत कशी घालायची, हे प्रश्न सिस्टरनेच सोडवले. याचे श्रेय इतिहासात डॉक्टरांच्या नावावर जास्त जमा झाले आहे.

१९५९ साली सर हॅरी प्लॅट या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला. मुलांना दिवसात केव्हाही भेटता यावे, पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर आईला राहण्याची सोय असावी, खेळाची आणि शिक्षणाची व्यवस्था असावी, आणि नर्सेसच्या शिक्षणात मुलांच्या भावनिक गरजांचा समावेश व्हावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. सरकारने त्या मान्य केल्या आणि रुग्णालयांना कळवल्या. सक्ती केली नाही. परिणामी पुढची दहा-पंधरा वर्षे बऱ्याच ठिकाणी भिंतीवरचा फलक बदलला, पण शस्त्रक्रियेच्या दिवशी भेट नाही, सकाळच्या राउंडला नाही, अशा पोटनियमांनी जुनी वेळ परत आणली. १९६१ साली बॅटरसीतल्या काही आयांनी संघटना काढली. अहवालाची प्रत घेऊन त्या आपापल्या भागातल्या रुग्णालयांत जाऊन विचारू लागल्या की याची अंमलबजावणी कधी. १९६५ मध्ये ती संघटना देशभरची झाली. १९८८ साली लायडन येथे युरोपातल्या अशा संघटनांनी मिळून रुग्णालयातल्या मुलांच्या हक्कांची सनद तयार केली, तिची मुळे इथे आहेत.

दार उघडल्यावर नर्सचे काम हलके झाले असे मानणे चूक ठरेल. पूर्वी ती मुलाशी एकटी बोलत होती. आता तिचे प्रत्येक वाक्य ऐकणारे तिसरे माणूस खाटेशी बसले. त्या माणसाला मुलाबद्दल नर्सपेक्षा जास्त माहीत होते आणि आजाराबद्दल कमी. त्याला विचारायचे होते, पण नर्स घाईत दिसते म्हणून तो विचारत नव्हता. फिलिप डार्बिशर यांनी स्कॉटलंडमध्ये मुलाबरोबर राहणाऱ्या आईवडिलांचा अभ्यास करून १९९४ साली पुस्तक लिहिले. त्यात आढळते की आईवडिलांना परक्यांच्या नजरेखाली आईबाप असणे जड जात होते. मुलाला रागवावे की नाही, डायपर आपण बदलावा की नर्सने, काहीच कुणी सांगत नसे. नर्सला वाटे, आई आहे म्हणजे ती करेल. आईला वाटे, हात लावला तर रागावतील. दोघींच्या मधे मूल ओलेच राही.

या गोंधळावर १९८८ साली ॲन केसी या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटशी संबंधित न्यूझीलंडच्या नर्सने भागीदारीचा आराखडा मांडला. मुलाची काळजी घेण्याचे पहिले माणूस म्हणजे त्याचे घरचे, नर्स त्यांना मदत करते, शिकवते आणि जे त्यांना जमत नाही किंवा नको आहे ते स्वतः करते. कोण काय करणार हे गृहीत न धरता बोलून ठरवायचे आणि केसपेपरवर लिहायचे, हा त्याचा गाभा. ऐकायला साधे आहे. परंतु रात्रपाळीत दोन नर्स आणि वीस मुले असताना वाटाघाटीला वेळ कुठून आणायचा, याचे उत्तर त्यात नाही, आणि भागीदारीच्या नावाखाली नर्सचे काम आईच्या गळ्यात मारले जाते ही तक्रार तेव्हापासून चालू आहे.

मुलाशी बोलण्याची विद्या या काळात अमेरिकन नर्सेसनी अधिक पुढे नेली. फ्लॉरेन्स ब्लेक यांचे मूल, त्याचे आईवडील आणि नर्स यांवरचे पाठ्यपुस्तक १९५४ साली आले. फ्लॉरेन्स एरिक्सन यांनी १९५८ साली चार वर्षांच्या मुलांना खऱ्या सिरिंज, नळ्या आणि बाहुल्या खेळायला देऊन ती काय करतात ते टिपले. आठ दिवस गुमान सुया टोचून घेणारी मुले बाहुलीला त्वेषाने टोचत सुटत. तोंडाने जे सांगता आले नाही ते हातांनी बाहेर येई. सुईचा खेळ पुढे मुलांच्या वॉर्डातली रूढ पद्धत झाली.

वेदनेच्या बाबतीत हे शिक्षण फार उशिरा आले. लहान मुलांना मोठ्यांइतके दुखत नाही, असे १९७०च्या दशकातही मानले जाई. आयोवातल्या नर्स-संशोधक जोॲन एलंड यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांपैकी १३ जणांना वेदनाशामकाचा एकही डोस मिळाला नव्हता. मुले मागत नव्हती हे खरे. त्यांचे गणित सरळ होते: दुखते म्हटले की नर्स सुई घेऊन येते. म्हणजे नर्सने विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळत होते आणि ते खोटे तिच्याच पद्धतीतून जन्मले होते. वेस्ट यांनी १८४८ साली लिहिलेली अडचण इथे वेगळ्या रूपात उभी राहते.

मग प्रश्न बदलला. नॅन्सी हेस्टर यांनी १९७९ साली लसीकरणाला आलेल्या मुलांपुढे पत्त्यांच्या जुगारात वापरतात तशा चार प्लास्टिकच्या चकत्या ठेवल्या. एक चकती म्हणजे थोडेसे दुखणे, चार म्हणजे दुखू शकेल तितके सगळे. तुझ्याकडे किती आहेत? पाच वर्षांच्या मुलाला दहापैकी किती हे कळत नाही, पण दुखण्याचे तुकडे मोजता येतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमातल्या टल्सा येथील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात नर्स डॉना वाँग आणि बालविकासतज्ज्ञ कॉनी बेकर यांनी मुलांनाच रिकामी वर्तुळे देऊन त्यांत दुखण्याचे चेहरे काढायला सांगितले. त्या चित्रांवरून हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी तयार झाली. ती आज जगभरच्या वॉर्डांत, भारतातल्याही, भिंतीवर दिसते. ती बऱ्याचदा चुकीची वापरली जाते. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून नर्सने चेहरा निवडायचा नसतो; बोट मुलाने ठेवायचे असते.

सर्वांत अवघड संवाद मरणाचा. १९५० आणि ६०च्या दशकांत रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलाला काही सांगायचे नाही, हा सर्वमान्य शिरस्ता होता. मूल निरागस आहे, त्याला कळत नाही, अशी त्यामागची धारणा. कॅलिफोर्नियातल्या नर्स युजीनिया वेक्टर यांनी ६ ते १० वर्षांच्या ६४ मुलांना चित्रे दाखवून गोष्टी सांगायला लावल्या आणि निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या १६ मुलांना जीवघेणा आजार होता आणि फक्त दोघांचे त्याबद्दल आईवडिलांशी बोलणे झाले होते. तरी या गटाच्या गोष्टींत मृत्यू वारंवार येई, आणि गोष्टीतल्या मुलाचा आजार कित्येकदा सांगणाऱ्याच्याच आजारासारखा असे. मुलांना माहीत होते. बोलण्याची मुभा नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी १९७८ सालच्या पुस्तकात याचा दुसरा पदर उलगडला. मुले आईवडिलांना सांभाळून घेत होती. मोठी माणसे न कळल्याचे सोंग करतात तर आपणही करावे, नाहीतर ती खोलीतून निघून जातील, हे त्यांनी ओळखले होते. अशा वेळी रात्री दोन वाजता पाणी द्यायला आलेल्या नर्सलाच मूल प्रश्न विचारते. तिला पाठ झालेले उत्तर नसते, आणि तिथून पळून न जाणे हेच तिचे पहिले कौशल्य ठरते.

मुंबई-पुण्याकडे हा इतिहास बऱ्याच अंशी उलटा आहे. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ साली सुरू झाले. पुण्यात १९०९ साली निघालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, मराठी घरांतल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंगचे शिक्षण घ्यायला उद्युक्त केले. घरची भाषा बोलणारी नर्स वॉर्डात असणे ही तेव्हा नवलाई होती. इथल्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत आईला मुलापासून तोडण्याची पाश्चात्त्य रीत तशी रुजली नाही, कारण मनुष्यबळच नव्हते. आई हीच भरवणारी, पुसणारी, सलाईन संपत आले की धावत जाऊन सांगणारी. ती खाटेवर मुलाच्या पायथ्याशी किंवा खाली चटईवर झोपते. इंग्लंडने दोन पिढ्या भांडून मिळवलेली गोष्ट इथे गरजेपोटी आपोआप होती. अडले ते दुसरीकडे. आई आत असली तरी तिला काय चालले आहे ते कुणी सांगेलच असे नाही. तिला तिच्या नावाने हाक मारली जात नाही. ती असते ‘सहा नंबरची आई’. मुंबईत केरळमधून आलेल्या अनेक परिचारिका मराठी शिकल्या त्या याच खाटांशेजारी उभे राहून, आणि आईची बोली कोकणी, खानदेशी किंवा हिंदी असली की गाडी खुणांवर येते.

नर्सचे पहिले वाक्य इथे बहुधा ठरलेले असते: मुंगी चावल्यासारखं होईल, बघ. मूल त्यावर एकदाच विश्वास ठेवते. शिवाय घरी ‘जेवला नाहीस तर सिस्टर सुई टोचतील’ ही धमकी ऐकलेली असते, त्यामुळे पांढरा कोट दिसण्याआधीच रडे सुरू होते. बालरोग परिचर्येच्या शिक्षणात आता खरे सांगण्यावर भर असतो: थोडं दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत, मग संपेल. सोबत आईने मुलाला धरायचे ते जखडून नव्हे, मांडीवर घेऊन.

दार खरोखर बंद झाले ते नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि तेही अलीकडे, यंत्रांबरोबर. संसर्गाचे तेच जुने कारण. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी याच्या विरुद्ध वाट धरली. बाटलीतले दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला, आणि आयांना बाळांच्या काळजीत आत घेतले. १९८९ साली तिथे आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. दूध काढायला येणाऱ्या आईला नर्सने शिकवायचे, धीर द्यायचा आणि बाळ बरे आहे की नाही हे रोज सांगायचे, हा त्या कामाचाच भाग झाला.

दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात पुढे याची पद्धतशीर चाचणी झाली आणि २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात विभागात आईवडिलांना हात धुऊन, गाऊन घालून आत यायचे असते. बाळाला कसे धरायचे, दूध कसे पाजायचे, छातीशी ऊब कशी द्यायची आणि धोक्याची लक्षणे कोणती, हे नर्सने गटात बसवून चित्रफितीच्या आधारे शिकवायचे असते. आजवर मुलांच्या आणि बायकांच्या वॉर्डात पुरुषांना रात्री थांबू देत नसत आणि बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यात बसलेला असे. या तत्त्वांत त्यालाही शिकणाऱ्यांत धरले आहे, आणि आईची शस्त्रक्रिया झालेली असेल तर बाळाला छातीशी ऊब देण्याचे काम त्याच्याकडे येते.